ओले धान्य वर ठेवा

मदिनेच्या बाजारातली धान्याच्या ढिगाची हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी मकतबमध्ये किंवा घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली असते. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) बाजारातून जात होते. एका ढिगात त्यांनी हात घातला, तर वरून कोरडे दिसणारे धान्य आतून ओले लागले. विचारल्यावर दुकानदाराने सांगितले की पाऊस लागला होता. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला विचारले की मग ओला भाग वर का ठेवला नाही, म्हणजे लोकांना तो दिसला असता. आणि फसवणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही, असे बजावले. सहीह मुस्लिममध्ये ही हदीस आहे.

आपण ही हदीस सांगताना शेवटच्या इशाऱ्यावर येऊन थांबतो. माझे लक्ष दर वेळी त्या दुकानदाराच्या उत्तराकडे जाते. तो खोटे बोलत नव्हता. पाऊस खरेच पडला होता, आणि धान्यावर पाणी त्याने ओतले नव्हते. मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस आला की आपल्या नागपूरच्या कळमना यार्डात ढिगावर ताडपत्री ओढायलाही सवड मिळत नाही. तिथला आडत्या जे सांगेल, तेच मदिनेचा तो दुकानदार सांगत होता. पण दोष कोणाचा, हे त्याला विचारलेच नव्हते. गिऱ्हाइकाला कळू का दिले नाही, एवढेच विचारले होते.

या दोन प्रश्नांत गल्लत केली की चांगली पेढी कशी अडचणीत येते, हे आपल्या महाराष्ट्राने २००३ साली पाहिले. तेव्हा लहान असलेले वाचक आज स्वतः आईबाप झाले असतील, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

ऑक्टोबर २००३ च्या सुरुवातीला मुंबईत कॅडबरीच्या डेअरी मिल्क चॉकलेटमध्ये अळ्या निघाल्याच्या तक्रारी आल्या. तक्रारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पण राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने तपासणी सुरू केली, पुण्याजवळच्या कारखान्यात तयार झालेला माल ताब्यात घेतला आणि बातमी देशभर गेली. वेळ पाहा. २५ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होते. त्यानंतर दोन-तीन दिवसांत रमजान लागला आणि नोव्हेंबरच्या शेवटी ईद आली. मिठाईच्या डब्याऐवजी चॉकलेटचा डबा द्यायची पद्धत तेव्हा नुकतीच रुजत होती. वर्षातली सर्वात मोठी विक्री ज्या आठवड्यांत व्हायची, नेमक्या त्याच आठवड्यांत टीव्हीवर अळी दिसत होती. विक्री सुमारे ३० टक्क्यांनी घसरली. ही कंपनी १९४८ पासून या देशात होती. चॉकलेट म्हणायचे असेल तर आपली मुले कॅडबरीच म्हणायची. तिचे नाव त्या महिनाभरात घरोघरी किळस येऊन घेतले जात होते.

कंपनीचे पहिले उत्तर काय होते? कारखान्यात अळी पडूच शकत नाही, दुकानदाराने माल नीट ठेवला नाही म्हणून हे झाले.

हे उत्तर शास्त्राच्या दृष्टीने चुकीचे नव्हते. किराणा दुकानात तांदूळ, रवा, शेंगदाणे यांच्या पोत्यांजवळ बारीक पतंग असतात. ते अंडी घालतात, त्यातून निघालेली अळी खाणे शोधत फिरते आणि जिथे फट मिळेल तिथून आत शिरते. चॉकलेट तेव्हा चांदीच्या घडी घातलेल्या कागदात आणि वरून कागदी वेष्टनात यायचे. घडी म्हणजे फट. कारखान्यातून स्वच्छ निघालेली वडी दुकानातल्या फळीवर अशी खराब होऊ शकते. (नागपूरकरांसाठी एक आडवळणाची गोष्ट सांगून ठेवतो. मे महिन्याच्या उन्हात वितळून पुन्हा घट्ट झालेल्या चॉकलेटवर पांढरट थर येतो. तो वर आलेला लोण्यासारखा स्निग्धांश असतो, बुरशी नव्हे. त्यावरून दुकानदाराशी भांडण करू नका.)

मग उत्तर खरे असूनही उपयोगी का पडले नाही? प्रशासनाच्या तेव्हाच्या आयुक्तांनी, उत्तम खोब्रागडे यांनी, ते एका मुद्द्यात निकालात काढले. अळी साठवणुकीत शिरली असे धरले, तरी वेष्टन हवाबंद का नव्हते, हा प्रश्न उरतोच; म्हणजे कोणत्याही बाजूने पाहिले तरी बनवणाऱ्याची जबाबदारी सुटत नाही, असा त्यांचा रोख होता. पाऊस पडला हे कबूल, पण ढीग उघड्यावर कोणी ठेवला? मला हा युक्तिवाद आजही बिनतोड वाटतो. आपला माल कुठल्या दुकानात, कुठल्या पोत्याशेजारी, किती उकाड्यात विकला जाणार, हे कंपनीला पन्नास वर्षे माहीत होते. ज्या रस्त्याने माल जाणार तो रस्ता जर ठाऊक असेल, तर त्या रस्त्यावरची धूळही आपल्या हिशेबात धरायला हवी.

त्या पहिल्या उत्तरात आणखी एक गोष्ट दडलेली होती, जी मोठ्या केबिनमधून दिसत नाही पण गल्ल्यावर बसणाऱ्याला चटकन दिसते. कंपनीने दोष ज्याच्यावर ढकलला, तोच दुकानदार ते चॉकलेट रोज पोराच्या हातात ठेवत होता. तुम्ही त्याला भर बाजारात गलिच्छ म्हणालात, तर गिऱ्हाईक आल्यावर तो तुमची बाजू कशाला घेईल? तो एवढेच म्हणेल, सध्या ते नका घेऊ, दुसरे बिस्किट घ्या. या चार शब्दांपुढे कोणतीही जाहिरात टिकत नाही.

भरत पुरी तेव्हा कंपनीचे प्रमुख होते. पुढे ते पिडिलाइटचे, म्हणजे फेविकॉलवाल्यांचे, प्रमुख झाले. त्यांच्या काळात पुढचे जे घडले ते शिकण्यासारखे आहे, आणि त्याचा क्रम जास्त शिकण्यासारखा आहे. जाहिराती काही आठवडे बंद ठेवल्या. 'विश्वास' या नावाने एक मोहीम काढून सुमारे १ लाख ९० हजार दुकानदारांपर्यंत पोहोचण्याचे ठरवले. माल कसा ठेवायचा, कुठे ठेवायचा नाही, हे समजावणे आणि तपासणे असे त्याचे स्वरूप होते. काल ज्याच्याकडे बोट दाखवले होते, त्याच्याकडे आज माणसे पाठवली. दरम्यान वेष्टन बदलायचे काम चालू होते. सुमारे १५ कोटी रुपयांची यंत्रे आणली, वडीभोवतीचा चांदीचा कागद गरम करून चिकटवला आणि त्यावर आणखी एक बंद प्लास्टिकचे आवरण घातले. वेष्टनाचा खर्च १० ते १५ टक्क्यांनी वाढला. चॉकलेटची किंमत मात्र वाढवली नाही.

एवढे सगळे झाल्यावर, २००४ च्या सुरुवातीला, अमिताभ बच्चन जाहिरातीत आले.

लोकांना फक्त बच्चन आठवतात. व्यवस्थापनाच्या वर्गातही बऱ्याचदा तेच सांगितले जाते की मोठा चेहरा आणला आणि कंपनी वाचली. मला हे पटत नाही. समजा ऑक्टोबरमध्येच, जुन्याच घडीच्या कागदात, बच्चनसाहेबांनी काळजी करू नका म्हटले असते आणि नोव्हेंबरमध्ये आणखी चार अळ्या निघाल्या असत्या, तर कंपनीसोबत त्यांचेही नाव गेले असते. त्यांच्या हातात दाखवायला बदललेले पाकीट होते, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन आले. २००४ च्या मध्यापर्यंत विक्री सावरली. चार महिने जुने पाकीट विकत राहून गाजावाजा करायचा की गप्प बसून पाकीट बदलायचे, हा निर्णय कोणीतरी बंद खोलीत घेतला असेल. पेढी सांभाळणे म्हणतात ते हेच.

याहून भयंकर प्रसंग अमेरिकेतला. १९८२ मध्ये शिकागो भागात टायलेनॉल या वेदनाशामक कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड मिसळले आणि सात माणसे मेली. विष कारखान्यात मिसळले गेले नव्हते. दुकानातल्या बाटल्या कोणी अज्ञाताने उघडल्या होत्या. 'पाऊस पडला' म्हणायला यापेक्षा मोठी सबब कोणाला मिळेल? तरीही जॉन्सन अँड जॉन्सनचे प्रमुख जेम्स बर्क यांनी देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत बोलावल्या. त्याला १० कोटी डॉलरहून अधिक खर्च आला. आज औषधाच्या बाटलीच्या तोंडावर जे सील फाडून काढावे लागते, त्याची सार्वत्रिक सुरुवात तिथून झाली. याच कंपनीची पुढे बेबी पावडरवरून कोर्टकचेरी झाली, हेही विसरू नये. चाळीस वर्षांपूर्वीच्या एका चांगल्या निर्णयावर कोणतीही पेढी कायम जगू शकत नाही.

आता कोणी म्हणेल, या झाल्या कोट्यवधींच्या कंपन्यांच्या गोष्टी. म्हणून एका कापडाच्या दुकानाची सांगतो. इमाम अबू हनीफा (रह.) फिक्हचे इमाम होतेच, पण कूफा शहरात त्यांचा कापडाचा व्यापार होता. त्यांच्या चरित्रांत एक प्रसंग येतो. त्यांनी भागीदाराकडे माल पाठवला आणि अमुक एका कापडात दोष आहे, विकताना गिऱ्हाइकाला सांगा, असे कळवले. भागीदार सांगायला विसरला आणि गिऱ्हाईक कोण होते तेही त्याला आठवेना. इमामसाहेबांना कळले तेव्हा त्यांनी त्या सौद्याची सगळी रक्कम सदका करून टाकली. एका कापडाची नव्हे, सगळी. चूक त्यांची नव्हती. त्यांनी तर सूचना दिली होती. आजच्या भाषेत बोलायचे तर त्यांचा 'डिस्ट्रिब्युटर' चुकला होता. तरी त्यांनी भागीदाराकडे बोट दाखवून रक्कम ठेवून घेतली नाही, कारण माल त्यांच्या भरवशावर विकला गेला होता. शरीअतमध्ये खरेदीदाराला 'खियार-ए-ऐब' म्हणजे दोष निघाल्यास माल परत करण्याचा हक्क आहे. गिऱ्हाईक सापडत नव्हते, म्हणून त्यांनी तो हक्क जणू त्याच्या वतीने वापरला.

मात्र एक आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. धान्य ओले नसतानाच कोणी ओले म्हणत असेल तर?

२०१५ च्या मॅगीच्या प्रकरणात हा प्रश्न होता. उत्तर प्रदेशात तपासलेल्या नमुन्यात शिसे मर्यादेपेक्षा जास्त निघाल्याचे सांगितले गेले. मर्यादा दहा लाख भागांत अडीच भाग, आणि अहवालात आकडा १७ च्या वर होता. ५ जूनला देशभर बंदीचा आदेश निघाला, आपल्या राज्यानेही बंदी घातली. नेस्लेचे म्हणणे होते की आमच्या तपासण्यांत असे काही नाही. बंदीच्या आधीचे दिवस कंपनीने जवळपास गप्प राहून, तांत्रिक भाषेतली निवेदने देत घालवले, आणि घरोघरच्या आयांनी तेवढ्यात निर्णय घेऊन टाकला. एप्रिल ते जून या तिमाहीत कंपनीला ६४ कोटींहून अधिक तोटा झाला. १ ऑगस्टला सुरेश नारायणन यांच्याकडे सूत्रे आली. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने बंदीचे आदेश रद्द केले, कारण कंपनीला म्हणणे मांडण्याची नीट संधी दिली गेली नव्हती आणि तपासण्यांच्या पद्धतीतही त्रुटी होत्या. पण न्यायालयाने लगेच विक्रीची मोकळीक दिली नाही. तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत नव्याने तपासणी करायला सांगितले. ती पार पडल्यावर ९ नोव्हेंबरला, दिवाळीच्या तोंडावर, मॅगी दुकानात परत आली. तोवर ३० हजार टनांहून जास्त माल परत आणून सिमेंटच्या भट्ट्यांत जाळून झाला होता.

माल आपल्या मते निर्दोष असताना तो जाळायला काळीज लागते. न्यायालयात भांडायचे आणि त्याच वेळी फळीवरचा माल उचलायचा, ही दोन कामे एकमेकांच्या विरोधात नाहीत, एवढे नेस्लेच्या गोष्टीतून घ्यावे. बंदीच्या आधी ते मौन पाळले नसते, तर कदाचित इतके जाळावे लागले नसते.

आपल्या समाजातल्या हातगाडीवाल्यांना, बेकरीवाल्यांना, बिर्याणीच्या दुकानांना गेल्या काही वर्षांत एक वेगळे संकट भेडसावते आहे. कुठला तरी जुना किंवा बनावट व्हिडिओ फिरतो आणि ज्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, अशा माणसाचा गल्ला ओस पडतो. इथे दोष नसतोच, असतो तो आरोप. अशा वेळी राग येणे साहजिक आहे, पण रागाने उत्तर देणाऱ्याचे दुकान उघडलेले मी पाहिले नाही. ज्यांचे उघडले, त्यांच्याकडे दाखवायला काही तरी होते. भिंतीवर परवाना, खरेदीची बिले, समोरून दिसणारा भटारखाना, शेजारच्या गल्लीतली बिगरमुस्लिम गिऱ्हाइके ज्यांनी स्वतःहून साक्ष दिली. पोलिसांत तक्रार जरूर करावी. पण साक्ष देणारे गिऱ्हाईक वर्षानुवर्षांच्या व्यवहारातून तयार होते, संकटाच्या दिवशी शोधायला गेले तर मिळत नाही.

हा विषय या महिन्यात घेण्याचे कारण एक पत्र आहे. नागपुरातल्याच एका भगिनी घरी शेवया करून विकतात. ईदच्या आधी त्यांच्याकडे चार बायका कामाला असतात. यंदा एका घरून तक्रार आली की पिशवी उघडली तर आत जाळी आणि अळ्या. या भगिनी लिहितात की शेवया कडक उन्हात वाळवल्या होत्या, त्याच घाण्यातल्या बाकी पिशव्यांबद्दल कोणी काही म्हटले नाही, आणि त्या गिऱ्हाईक बाईंनी पिशवी नक्कीच पिठाच्या डब्याजवळ ठेवली असणार. घरातले पुरुष म्हणतात, पैसे परत केले तर चूक कबूल केल्यासारखे होईल. काय करावे?

आपा, तुमचे म्हणणे खरे असण्याची शक्यता मला जास्त वाटते. तरी पैसे परत करा, आणि आजच करा. दोन किलो शेवयांच्या पैशांवरून कोण चुकले याचा निवाडा करत बसू नका. नवी पिशवी देऊ केलीत तर ती त्यांच्या मर्जीवर सोडा; अळी पाहिलेल्या माणसाला लगेच तोच पदार्थ नको असतो. निरोप मुलाकरवी पाठवू नका, स्वतः जा. आणि 'तुम्ही कुठे ठेवल्या होत्या' हा प्रश्न पहिल्या वाक्यात विचारू नका. दहा मिनिटांनी त्या आपणहून सांगतील.

मग दुसरे काम, जे मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्या घाण्यातल्या पिशव्या आणखी कोणाकडे गेल्या, ते तुम्हाला ठाऊक आहे का? तुमच्या पत्रावरून वाटते की वही नाही. पत्रात लिहिता की बाकी कोणी काही म्हटले नाही. पण वही नसेल तर तुम्ही कोणाला विचारले? सगळ्यांना फोन करून सांगा की एका पिशवीत कीड निघाली आहे, तुमची उघडून पाहा, काही असेल तर आणून द्या. फोन करताना हात जड होईल. पाच-सहा पिशव्या परतही येतील, त्यातल्या दोन उगाच. पण हेच ते ओले धान्य वर ठेवणे.

पुढच्या वेळेसाठी पिशवी बदला. पातळ पिशवीला गाठ मारली की तीही घडीच्या कागदासारखीच. अळीला फट मिळते. जाड पिशवी घ्या आणि तोंड गरम करून बंद करण्याचे छोटे यंत्र घ्या. एका ईदच्या कमाईत त्याचा खर्च सहज निघेल. पिशवीवर करण्याची तारीख, घाण्याचा नंबर, तुमचा फोन आणि 'पीठ-धान्यापासून दूर, घट्ट डब्यात ठेवा' एवढी ओळ छापा. ही ओळ छापली की ठेवणाऱ्याचीही जबाबदारी सुरू होते. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यात कलम २७ मध्ये बनवणारा, घाऊक विक्रेता आणि दुकानदार अशा प्रत्येकाची जबाबदारी वेगवेगळी सांगितली आहे. बनवणाऱ्याने दिलेल्या सूचनेविरुद्ध माल साठवला तर विक्रेताही जबाबदार ठरतो. कलम २८ मध्ये, माल कायद्यात बसत नाही अशी शंका आली तर तो परत बोलावण्याचे काम आधी व्यावसायिकानेच सुरू करायचे आहे. घरगुती धंदा असला तरी नोंदणी लागते. अर्ज ऑनलाइन होतो, घरातली कॉलेजची मुले भरून देतील. ती झाली नसेल तर पुढच्या ईदची वाट पाहू नका.

कामाला येणाऱ्या चार जणींनाही या प्रकाराची हकीकत सांगा, कोणावर न रागावता. शेवया उन्हातून कोणत्या तासाला उचलल्या, कोणती पिशवी कोणी बांधली, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल.